डोलकाठी उभी की आडवी?

हॅलो?… हॅलो, आई? हो, येतोय आवाज, बोल…

नाही, अजून यार्डातच. बोट जमिनीवर आहे, लोखंडी टेकूंवर, आणि मी वर. शिडीने… अगं, धरूनच चढते!

बाबा जेवले?… आणि टाके? आठ दिवस झाले ना ऑपरेशनला… बरं.

इथे? भट्टी! आतला मीटर ब्याऐंशी टक्के आर्द्रता दाखवतोय. सगळी कपाटं व्हिनेगरने पुसली, दारं उघडी बांधून ठेवली… अगं नाही, बंद केली तर बुरशी धरते. फ्रिजसुद्धा उघडाच. गाद्या उभ्या केल्या, टाक्या रिकाम्या केल्या, इंजिन गोड्या पाण्याने धुतलं… धुराच्या नळीला जाळी लावली. गांधीलमाश्या घर करतात तिथे…

तुझा कुकर? खोक्यात आहे. सहा वर्षं राहिलो आपण या बोटीवर, आणि तुला आठवला कुकर!

एक मिनिट हं… हो काका, दोनच मिनिटं! आईचा फोन आहे!… क्रेनवाले गं. खाली क्रेन चालू ठेवून बसलेत.

तेच तर सकाळपासून विचारतेय. डोलकाठी उभी ठेवू की उतरवू?… काय फरक पडतो म्हणजे? फक्त वादळांचे पाच महिने काढायचे असतील तर उभी. मग बोट पाण्यात, आणि बाबा सुकाणूवर. दोन-तीन वर्षं हलणार नसेल तर आडवी करून ठेवायची… नाही, नंतर बघू असं चालत नाही. क्रेन आजच आहे, मग थेट वादळं संपल्यावर.

म्हणून विचारते, डॉक्टर काय म्हणाले?… हे 'बघू' त्यांचं, की तुझं?… आई… अगं ऐक ना… रडू नकोस ना.

…दोन वर्षं तरी नाही. आणि त्यानंतरही… हो. हो, कळलं.

बाबांना सांगितलंस?… मी? मी कशी सांगू फोनवरून? तू तिथे, मी इथे टेकूंवर!… पॅसेजमध्ये का कुजबुजतेस मग?… कोण आलं? त्यांना उठू कशाला दिलंस! नाही, नको देऊस फोन, आधी मला जरा… आई?

…बाबा! काही नाही हो, घामाने आवाज… हो, घामाने आवाज बसत नाही, शास्त्र मलाही येतं.

बंद केलेल्या झडपांची यादी सुकाणूला बांधली, विसरायला नको. दोऱ्या धुतल्या, मीठ निघेपर्यंत… काय? कुठल्या तारांना चिठ्ठ्या?… डोलकाठीच्या. डावी, उजवी, पुढची, मागची… सोडायच्या आधी. बरं… आणि काठीखाली टेकू तीन. दोनच दिले तर मध्ये वाकते. बरं…

बाबा, थांबा. उतरवायची असं मी म्हटलंच नाही अजून.

…

कधीपासून माहितेय तुम्हाला?… आणि आई तिकडे पॅसेजमध्ये… नाही, मी नाही सांगणार तिला. तुम्हीच सांगा. एका घरात राहून मधल्यामध्ये मला काय लटकवताय दोघं?

हसू नका! टाके ओढतील.

…हो. आहेत अजून खाली. नाही, फोन ठेवू नका. ऐका तरी… काका! ओ काका! उतरवायची!… हो, आडवी! आधी चिठ्ठ्या लावते, मग हूक!

…ऐकलंत?

बाबा?… हं. हो. डावीपासून सुरू करते. आता ठेवते, दोन्ही हात लागणार आहेत.