जर्मन की विलायती?

मंडळी, वहिनी,

अण्णा नगरच्या या हॉलमध्ये आपण सगळे नागोजीरावांसाठी जमलोय. बोला म्हणालात, म्हणून उठलो. त्यांच्यासमोर मला कधी 'बोला' म्हणावं लागलं नाही.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात आम्ही शेजारी शेजारी काम केलं. ते तंजावरचे, मी साताऱ्याचा. पहिल्याच दिवशी वाद झाला. निवृत्तीनंतर तो दर रविवारी त्यांच्या घरी चालू राहिला.

वाद कसला? शिकारी रायफलींचा! त्यांच्याकडे आजोबांची जर्मन, माझ्याकडे मामांची विलायती. दोन्ही जुन्या, बोल्टच्या. दर गोळीला बोल्ट हाताने वर वळवायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. शिकार मात्र दोघांनीही केली नाही. ते माशीसुद्धा मारत नसत, आणि मी भित्रा.

मी म्हणायचो, "नागोजीराव, तुमचा बोल्ट उचलायलाच जोर लागतो. माझा बघा, अलगद उघडतो. दुसरी गोळी तयार!"

ते म्हणायचे, "पोदुम, कुलकर्णी, पुरे! इतकी घाई कोणास? माझ्या बोल्टाची नखी काडतूस धरते, ते सोडतच नाही. चिखल असो, धूळ असो, ऐन वेळी दगा नाही."

"नखी काडतूस सोडत नाही, आणि तुम्ही हेका!"

आतून वहिनींची हाक यायची, "सांबार निवतंय!" कोण हलतंय?

मग ते इस्पितळात गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलता येईना. मला बघून त्यांनी नुसतं मनगट वळवलं, बोल्ट उघडतात तसं. मला भरून आलं. म्हणालो, "जिंकलात तुम्ही. जर्मनच चांगली."

त्यांनी तोंड फिरवलं.

वहिनींनी मला बाहेर नेलं. म्हणाल्या, "भावजी, असं का बोललात? तुम्ही हार मानलीत, म्हणजे आता आपलं काही खरं नाही, असंच वाटलं असणार त्यांना."

मी तसाच आत गेलो. म्हटलं, "ऐका, मघाशी उगाच बोललो. जड आहे तुमचा बोल्ट. जडच राहणार!"

मंडळी, ते हसले. मास्कच्या आत हसले. तीच आमची शेवटची भेट.

कोणी म्हणेल, आता तरी माघार घ्या, गेलेल्या माणसाशी कसला वाद? नाही घेणार. मला त्यांची फार आठवण येते, म्हणूनच नाही घेणार.

नागोजीराव, विलायतीच चांगली.

आता सगळे उभे राहू या. एक मिनिट कोणी बोलू नका. मीही बोलणार नाही. उत्तर द्यायची पाळी त्यांची आहे.