रविवारी सकाळचा धडा

— नाही, नाही, ऐकलं मी सगळं, बहिरी नाही झाले अजून. शुक्रवारी दिवे लागले की शिबिर सुरू, रविवारी दुपारी समाप्त, ठाण्याहून शिकवणारे येणार, महूची, देवासची मिळून दहा-पंधरा माणसं, आणि घर माझं — कारण इंदूरात आपल्या यहुदी लोकांची घरं उरलीच किती, बरोबर नं? मुसार शिकायचा. मतलब आपल्या स्वभावाला वळण लावायचं, एकेक गुण घेऊन. ते मला नको समजावूस बेटा. याच इंदूरात झालं होतं ते एकदा, परदेशीपुऱ्याच्या आमच्या जुन्या घरात, मिल बंद पडली त्याच्या दुसऱ्या वर्षी. चहा घे. मी नाही म्हणणार आहे, पण का म्हणते ते ऐकून जा.

आमचे हे — एलिया — मिलमध्ये जॉबर होते. माग बिघडला की यांना हाक. मनगटं अशी जाड की घड्याळाचा पट्टा पुरायचा नाही. आणि दोस्त एकच, कचरू, मागच्या गल्लीतला, त्याचे आजोबा महूच्या पलटणीत होते. शनिवारी आपला शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही, तर यांची पाळी कचरू करायचा, आणि चौदा एप्रिलला कचरूची पाळी हे. वर्षानुवर्षं असं चाललं. मग गेटला टाळं लागलं. देवमाणूस होते हे, खरं सांगते — थोडे चिडके झाले, बस. घरी बसलेला पुरुष चिडतोच. दार आपटणं, ताट भिरकावणं — कुणाकडे नव्हतं तेव्हा? संध्याकाळ झाली की अख्ख्या मोहल्ल्यात भांडी वाजायची. हा दात दिसतोय तुला, हा मोरीत पडले तेव्हा गेला. पडले मतलब — ढकललं म्हणून पडले. राहू दे ते.

तर मुसार शिकवायला बिन्यामीनभाऊंना ठाण्याहून बोलावलं ते मीच. का, ते आता कळलंच तुला. माणसं आली, पण पुरुष सातच, दहा जमेनात, म्हणजे पूर्ण प्रार्थना होईना — पण शिकायला दहा कशाला लागतात? शनिवारी सकाळी धडा रागाचा. बिन्यामीनभाऊ म्हणाले, राग येणं आपल्या हातात नसतं, पण हात तर आपल्या हातात असतो. राग आला की दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, एकात एक धरायचे, राग उतरेपर्यंत सोडायचे नाहीत. बाकीचे हसले. हे नाही हसले. उठून उभे राहिले, हात मागे धरून बघितले, आणि मग माझ्याकडे बघितलं, सगळ्यांसमोर. तसं त्यांनी मला लग्नाच्या दिवशी पण बघितलं नव्हतं.

जेवणं व्हायची होती आणि कचरू सायकल घेऊन दारात. मिलमध्ये ट्रक शिरलेत म्हणाला, ठेकेदाराची माणसं माग फोडून भंगारात नेतायत, सगळे गेटवर जमलेत, चल. बिन्यामीनभाऊ म्हणाले, आज शब्बाथ आहे, नका जाऊ. हे गेले. सायकलवर नाही बसले, शब्बाथ म्हणून चालत गेले, आणि कचरू पण मग सायकल हातात धरून बाजूनं चालत गेला. मी दारातून बघत होते.

पुढचं यांनीच सांगितलं मला, आणि बघणाऱ्यांनीही. गेटवर रेटारेटी झाली. आतून लोखंडी पाइप घेतलेली माणसं आली. पहिला फटका यांच्या तोंडावर. ओठ फाटला, शर्ट लाल. आणि यांनी हात मागे घेतले. दुसरा फटका खांद्यावर, तरी हात मागेच. लोकांना वाटलं एलिया भियाला कुणीतरी बांधलंय. कचरू मध्ये घुसला. पाइपवाला यांच्या इतका जवळ, जितकी तू माझ्या — नुसतं मनगट धरलं असतं तरी पाइप खाली पडला असता. कचरू ओरडला, "एलिया, धर त्याला." हे उभे. हात हातात. पाइप कचरूच्या डोक्यात बसला, तो गुडघ्यावर आला, मग पाइप परत बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला, हे म्हणायचे. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

बिन्यामीनभाऊ रात्रभर ओसरीवर बसून होते. मी त्यांना विचारलं, हेच शिकवायला आला होतात का? म्हणाले, नाही ताई, दुसऱ्याचं रक्त सांडत असताना नुसतं बघत उभं राहायचं नसतं, तो धडा उद्या सकाळचा होता. उद्या सकाळचा. सकाळच्या गाडीनं ते गेले.

काय? पोलिस? कसले पोलिस. ट्रक गेले, माग गेले, पाइपवाला पण गेला.

कचरूला पोचवून आलो त्या दुपारी हे त्याच्या अंगणात जाऊन उभे राहिले. गयाबाई, कचरूची बायको, नळापाशी बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या हातांना काय झालं होतं?" तिथं कपडे धुवायची मोगरी पडली होती, ती तिनं उचलली. पहिला मार कानशिलावर, मग पाठीवर, मग जिथं लागेल तिथं. हे उभे. परत हात मागे. गळ्याखालचं हाड मोडलं ते मला लांबून ऐकू आलं. तिची पोर, पिंकी, रडत पदर ओढत होती, बायकांनी गयाबाईला धरलं, तर हेच म्हणाले, "सोडा तिला." आणि तिनं परत मारलं, दमून खाली बसेपर्यंत.

नंतर मरेपर्यंत यांनी हात उचलला नाही कधी. माझ्यावर नाही, कुणावर नाही. ताट नाही फेकलं. घर इतकं शांत झालं की शेजारीण विचारायची, एलियाजी बाहेरगावी गेलेत का? सांग मला, मुसार लागू पडला म्हणायचा का नाही? गयाबाईचा नवरा गेला आणि मला नवरा मिळाला. हे कुठल्या धड्यात बसतं? तुझ्या ठाण्याच्या सरांना विचार.

मी? मी तिथंच होते नं, अंगणाच्या फाटकात. नाही, सोडवायला नाही गेले. तिचा हात वर जायचा, खाली यायचा, यांच्या तोंडातून रक्त, आणि मी मनात म्हणत होते — मार गयाबाई, माझ्या वाटचं पण मार —

...

ऊठ बेटा. कप राहू दे तिथंच, मी उचलते. दुसरं घर बघा तुम्ही.