वीप्केबाईंच्या संडासातलं कॅलेंडर

अहो, कुठे म्हणून काय विचारता... संडासात! शेजारणीच्या संडासात लिहिलंय माझ्या सासूबाईंचं नाव! आणि माझं नाही! मी जळत नाही हं, आधीच सांगतो. पण मला बल्गेरियातून डच लोकांच्या या डेव्हेंटर गावात येऊन साडेचार वर्षं झाली, आणि त्यांना? सात महिने!

आता इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात, अगदी समोर, म्हणजे बसल्या बसल्या माणसाला आठवतं की अरे, परवा मावशीचा वाढदिवस. त्यात नाव चढलं की तुम्ही घरचे. नाही चढलं तर मग पासपोर्टवर काहीही छापा, परके ते परकेच!

शेजारच्या वीप्केबाईंकडे कॉफीला गेलो होतो... म्हणजे एक कप, एक बिस्कीट, की डब्याचं झाकण बंद... आणि सहज आत गेलो, तर नऊ मार्चला निळ्या शाईत ठसठशीत, 'स्तोयांका'! खाली बारा तारखेला 'स्नुफ'. स्नुफ कोण? त्यांचा कुत्रा! म्हणजे सासूबाई आहेत, कुत्रा आहे, आणि हा प्लामेन? हा बाहेर कॉफी पितोय! माझ्या सतरा नोव्हेंबरचा चौकोन इतका कोरा होता ना, तुम्हाला सांगतो, मला गलबलून आलं.

बरं, माझी भाषा कच्ची म्हणाल, तर मी दोनदा आपटून तिसऱ्यांदा परीक्षा पास झालोय! पण मी घरून दहा वेळा घोकून जाणार, बेकरीत डचमध्ये पाव मागणार, आणि ती पोरगी फाडकन इंग्रजीत, "कापून देऊ का, सर?" आणि सासूबाई? त्यांना डच शब्द येतो एक. 'लेकर'! म्हणजे झक्कास लागतं. पाव खाल्ला, लेकर. पाऊस पडला, लेकर. डॉक्टरनं दात उपटला, तरी लेकर! बाकी सगळं बिनधास्त बल्गेरियनमध्ये. आणि त्यांना इंग्रजीचा गंध नाही ना, म्हणून अख्खी गल्ली त्यांच्याशी हळू... हळू... डच बोलते! वर बाईसाहेब चीजची बनित्सा भाजून घरोघर वाटतात. न विचारता! वेळ न ठरवता! इथे सख्खी बहीण महिनाभर आधी कळवून येते हो!

मी बायकोला, रुमेनाला, म्हटलं, "हा अन्याय आहे." ती म्हणाली, "तू जळतोयस." मी? छे! मी जळत नाही हं!

फक्त दुसऱ्या दिवशी वीप्केबाईंना म्हटलं, "नोव्हेंबर किती छान महिना, नाही? विशेषतः सतरा तारीख." त्या म्हणाल्या, "सतराला कचऱ्याची गाडी येते." झालं!

मग आला नऊ मार्च. वीप्केबाईंनी सासूबाईंचा वाढदिवस स्वतःच्या घरी केला! आणि इथली रीत काय, तर खुर्च्या गोल मांडायच्या, आणि ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, त्याच्या घरच्यांचंही अभिनंदन करायचं. अकरा माणसं आली, अकराही जणांनी माझा हात धरून गदागदा हलवला, "सासूबाईंबद्दल अभिनंदन!" "सासूबाईंबद्दल अभिनंदन!" आणि मी दात काढून, "धन्यवाद, धन्यवाद"! अहो, जखमेवर मीठ म्हणतात ते हेच!

आणि तेवढ्यात सासूबाईंनी काय करावं? संडासात गेल्या, कॅलेंडर काढून बाहेर आणलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "प्लामेन! लेकर!" मग मला हळूच आपल्या भाषेत, "बाबा रे, महिनाभर तुझं तोंड उतरलेलं बघतेय मी." काय म्हणू सांगा! जिच्यावर जळलो... म्हणजे जळलो नाही, पण जिच्यावर जळलो असतो, तीच माझ्यासाठी भांडतेय!

वीप्केबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "प्लामेन, तुमचंही लिहू का?" साडेचार वर्षं, मंडळी, साडेचार वर्षं मी या एका प्रश्नाची वाट बघत होतो! डच गेलं, इंग्रजीही गेलं, तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी मान हलवली. मनापासून! आता आमच्याकडे 'हो' म्हणताना मान डावी-उजवी हलवतात. तुमच्याकडे आणि इथेही ते 'नाही'. मला माहीत नाही का? साडेचार वर्षांत वळवली होती मान! पण भरून आलं की मान माहेरी जाते हो... आणि माझ्या शेजारी सासूबाईही आनंदानं तशीच मान हलवतायत, डावी-उजवी, डावी-उजवी!

"नको? बरं, बरं," वीप्केबाई म्हणाल्या, "आग्रह नाही." टोपण टक्कन बंद. कॅलेंडर परत संडासात! आणि माझा आवाज फुटेपर्यंत लोक केकवर घसरले होते.

रात्री रुमेनानं जाऊन त्यांना सगळं समजावलं. आठवड्यानं मी गेलो, कॉफीचा घोट न घेता थेट आत. सतरा नोव्हेंबर बघतो तर... कोरा! मग नऊ मार्च बघितला. तिथे 'स्तोयांका', आणि पुढे उरलेल्या बोटभर जागेत, बारीक अक्षरात, 'आणि जावई'.

असो. घरचे झालो, हे काय कमी आहे? तेव्हा नऊ मार्चला नक्की या, मंडळी, आता माझाही वाढदिवस त्याच दिवशी असतो. फक्त आल्यावर माझा हात धरून अभिनंदन तेवढं सासूबाईंचं करा.