जपान आणि जशुकाका

जपानशी बोलायचं तर जशुकाका लागतात, हे मला परवा कळलं. निजामपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर मी हॅम रेडिओला तांब्याची गोल लूप अँटेना जोडून बसलो होतो. तिची खोड अशी की, जवळ माणूस हलला तरी तिचं ट्यूनिंग बदलतं. तेवढ्यात शेजारचे जशुकाका तणतणत वर आले.

"आ शुं छे? काढ आधी!"

ते अँटेनापाशी येताच, चार वर्षं हुलकावणी देणारा जपानी खणखणीत ऐकू आला.

"काका, हलू नका!"

"केम? करंट लागशे?"

"हललात तर."

काका खांबासारखे उभे राहून "जय माताजी" पुटपुटू लागले. आमचं बोलणं संपताना जपान्याने विचारलं, "मागे कसला आवाज येतोय?"

म्हटलं, "अँटेनाचा. जरा घाबरलीये."