पाहुण्यांचा पिंजरा

— नाही, नाही, तू उत्तर देऊ नकोस. ढाल घेऊन ड्यूटीवर उभा पोलीस आहेस तू, कळतं मला. छातीवर नाव लिहिलंय तुझ्या, मुरिय्यो. वाचता येतं मला. आम्ही साल्वादोरवाले तुम्ही होंडुरासवाले सांगता तेवढे अडाणी नाही. तर मुरिय्यो, बाळा, मी एवढंच विचारलं की हे दार कधी उघडणार? अर्धा तास झाला सामना संपून. तीन-शून्य हरलो आम्ही, तीन! हरलेल्यांना कशाला कोंडायचं? दंगा करायला जीव तरी उरलाय का आमच्यात? तो बघ आमचा ढोलवाला, ढोलाची उशी करून घोरतोय. आठ तास बसमध्ये नाचत आला, आणि पहिला गोल झाला तेव्हा हा शौचालयाच्या रांगेत. दुसरा झाला तेव्हाही रांगेतच! हात दाखवून अवलक्षण ते हेच — घरी पंख्याखाली बसून फुकटात हरता आलं असतं की.

हो रे, नियम माहितीय. आधी घरची माणसं बाहेर पडणार, स्टेडियम रिकामं होणार, मग पाहुणे. चाळीस वर्षं बघतेय, जावं तिथं हीच जाळी. ग्वातेमालात एकदा दोन तास कोंडलं होतं आम्हाला. माझा विल्बेर तेव्हा नऊ वर्षांचा, माझ्या मांडीवर झोपून गेला. आणि आज इथं वरून तुमच्या लोकांच्या पाण्याच्या पिशव्या — पाण्याच्याच म्हणते मी, देव करो त्या पाण्याच्याच असोत! हा माझा शर्ट हुंगून बघ. नको? शहाणा आहेस.

आणि वर पुपुसाही तुमच्याच म्हणे! बाहेर एक बाई राजरोस विकत होती. आमची पुपुसा, चीज भरलेली मक्याची भाकरी, ती होंडुरासात! म्हटलं बघू तरी. पीठ हे एवढं जाड, आतलं चीज शोधायला कंदील लागेल. पण खाल्ली मी. दोन खाल्ल्या. कडेला ती जळकी चव, अगदी माझ्या आईच्या चुलीची, प्रोग्रेसोच्या — काय? मी प्रोग्रेसो म्हणाले? छे. ते तुमच्याकडचं गाव. सांता आना म्हणाले. सांता आनाची मी, अस्सल साल्वादोरची. भुवई खाली घे ती.

हे बघ, मला एकटीलाच सोड. बाकीच्यांना ठेव हवं तर आठवडाभर. माझं काम आहे बाहेर. कसलं म्हणजे... मुलगा आहे. तोच, विल्बेर. इथंच राहतो, सात वर्षं झाली. बायको तुमच्यातली केली. नाव सुयापा! तुमच्या देवीचंच नाव, म्हणजे कुणाला शंकाच नको. मी लग्नाला आले नाही. त्या घराचा उंबरा चढणार नाही म्हटलं, आणि नाही चढले. नातीच्या बाप्तिस्म्यालाही नाही. एमेली नाव तिचं. फोटोत बघितलीय. दात पडलाय पुढचा.

मग यंदा सामना लागला इथं. मी विल्बेरला कळवलं — संघासाठी येतेय बरं का, तुझ्यासाठी नव्हे, गैरसमज नको. तो म्हणाला, आई, आमच्या बाजूचं तिकीट काढतो, पोरीशेजारी बस. मी? त्या पांढऱ्या शर्टांत? मेले तरी बसणार नाही! मी माझ्या निळ्यांतच बसेन, सामना संपला की बाहेर भेटू, तळलेल्या केळ्यांच्या गाडीपाशी, दहा मिनिटं. दहाच हं, म्हटलं. हे मी म्हटलं, मुरिय्यो! चाळीस वर्षं जाळीआड बसलेली बाई, आणि आपल्याला कोंडून ठेवतात हेच डोक्यात आलं नाही. ऐटीत बोलत होते ना. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ आता घेऊन बसलेय इथं.

आणि दार उघडलं तरी काय? पुढे-मागे तुमच्या पोलिसांच्या मोटारसायकली, आणि बस थेट सीमेवर. मधे उतरायचं नाही. फोन म्हणशील तर तो सीमा ओलांडली की मुका होतो. म्हणजे तो त्या गाडीपाशी उभा असणार पोरीचा हात धरून, आणि म्हणत असणार, बघ, म्हातारी आलीच नाही. — शर्ट काढू का? आत साधा ब्लाउज आहे. निळा दिसला नाही की कोण ओळखतंय मला? कधी काढला नाही मी हा शर्ट परमुलखात, विचार कुणालाही. आज काढते. नाही? बरं. मान तरी हलवलीस, म्हणजे जिवंत आहेस.

तोही असाच होता. बोलायचा नाही. कोण म्हणजे — एकोणसत्तर साली आमच्या दारात आलेला शिपाई. अख्खं जग म्हणतं, तेव्हा आपल्या दोन देशांत फुटबॉलवरून लढाई झाली. म्हणू दे, जगाला हसायला काहीतरी हवंच असतं. जमिनीवरून झाली ती. माझा बाप मूळचा साल्वादोरचा, पण प्रोग्रेसोत केळीच्या मळ्यात कामाला होता. हो, प्रोग्रेसोतच! तिथंच जन्मले मी, तुझ्याच देशात, झालं समाधान? सहा वर्षांची होते. तो बंदूक आडवी धरून दारात उभा, आणि मी आईच्या घागऱ्याआड. एक गादी आणि एक कोंबडी घेऊन हाकललं आम्हाला. वाटेत आई म्हणाली, कुणी विचारलं तर तू सांता आनाची. विल्बेरलाही सांगितलं नाही मी कधी. सुयापाला कशासाठी नाकारते, तेही नाही. तुला सांगितलं, कारण तुला बोलायला बंदी आहे.

जाऊ दे. गेला असेल तो. सगळेच गेले, बघ, समोरचा अख्खा भाग ओस पडला. झाडूवाले पण आले. — तिथं कोण बसलंय? खालच्या पायऱ्यांवर. झाडूवाला हाकलतोय तरी उठत नाहीत. एक पुरुष... आणि कुणीतरी लहान...

अगं बाई. गाडीपाशी गेलाच नाही तो! त्याला ठाऊक होतं. ग्वातेमालात माझ्या मांडीवर झोपला होता ना, त्याला ठाऊक होतं पाहुणे कधी सुटतात ते. कडेकडेनं येतायत. पांढरा शर्ट घातलाय पोरीनं, गुडघ्यापर्यंत येतोय. येऊ दे, असू दे पांढरा. ए, तुम्ही गप्प बसा रे, कुणी ओरडायचं नाही त्या शर्टाला! — जाळीतून बोट जाईल ना माझं? जाईल.

तू कशाला पुढे होतोस, मुरिय्यो? सरक. ती ढाल खाली ठेव आधी. सहा वर्षांची आहे ती.