चरबीची गोळी

नाय, मॅडम, ती गोळ्यांची रिकामी पाकिटं परत मोजू नका. बरोबरच भरतील, तीच तर गोम — बसा. आमचे गुरुजी तुमच्या चहाला दूध आणायला गेलेत, ते यायच्या आत बोलते. परत सांगा, मुंबईच्या फोटोत काय आलं? वर्षापूर्वीच्या फोटोपेक्षा हृदयाच्या नळीतला थर वाढला? आणि डॉक्टर म्हणतात, स्टॅटिनची गोळी ह्यांना लागू पडत नाय, आता बायपास? अहो, लागू कशी पडेल — पोटात गेली तर ना!

ही घ्या. नाचणीच्या कणगीत पुरली होती ही पिशवी. वर्षाच्या सगळ्या आहेत, एकही टाकली नाय — औषध कुणी टाकतं का? गोळी काढायची, इथं लपवायची, पाकीट तुमच्यासाठी जपायचं. आणि ह्यांना? ह्यांना जव्हारच्या मेडिकलातली ताकदीची गोळी, तशीच पांढरी. जेवण झालं की हात पुढे करतात, चष्मासुद्धा लावत नाय. माझ्या हातचं कधी बघून खाल्लंय त्यांनी?

असं बघू नका हो. तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं, ह्या गोळीनं चरबी विरघळते. नळीतली म्हणाले असतील — मी चरबी एवढंच ऐकलं. माझं माहेर वावर गावचं, मॅडम, कुपोषणानं पोरं गेली ते. ब्याण्णव साली भावाची लेक चैती माझ्या मांडीवर गेली. दोन वर्षांची पोर, दंड माझ्या दोन बोटांत मावायचा. डॉक्टर म्हणाले, अंगावर चरबीच नाय, कशावर जगेल? — नाय जगली. आणि त्याच हातानं मी ह्यांना चरबी विरघळायची गोळी देऊ? आधीच तुम्ही तेल बंद केलेलं, पँट सुतळीनं बांधत होते! भीती वाटली. वेडी म्हणा, पण भीतीच वाटली.

आता रोज दोन-दोन दिल्या तर वर्ष भरून निघेल? नाय? — मग तुमच्या दवाखान्याच्या वहीत तरी लिहू नका, गोळी लागू पडत नाय म्हणून. ते वाचून दुसऱ्या कुणाची बंद करतील. लिहा, गोळी खोटी नाय, ही जयवंती खोटी आहे. डॉक्टरांना म्हणावं, छाती उघडू नका, आधी खरी गोळी देऊन बघा, परत फोटो काढा. पाया पडते तुमच्या. फक्त ह्यांना सांगू नका — कळलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा —

आले. फाटक वाजलं. ती पिशवी झाका — नको. असू दे. असू दे तिथंच. गुरुजी, दूध ठेवा खाली आणि चष्मा लावा. हो, आधी चष्मा लावा.

मॅडम, तुम्ही निघा आता.