कोट मोठा होईल

२०१६च्या हिवाळ्यात चीनच्या हेबेई प्रांतातल्या एका कोठडीच्या खिडकीसमोर मी भाच्यासाठी कपडे घेऊन उभी होते. रांगेत माझ्यापुढे छ्याओ वकिलांची आई आणि बायको होत्या. जमीन गेलेल्यांचे खटले लढतो म्हणून वकिलांना पोलिसांनी उचललं होतं. कुठे ठेवलंय, ते कुणी सांगत नव्हतं.

“आई, बसा जरा.”

“बसले तर नंबर जाईल. ही कितवी कोठडी गं?”

“मोजणं सोडलंय मी.”

“लोकांची भांडणं अंगावर घ्यायची खोडच त्याला.”

“तुमच्यावरच गेलेत.”

खिडकीतला शिपाई म्हणाला, “या नावाचा माणूस इथे नाही.”

“असू दे, साहेब. कोट तेवढा ठेवून घ्या. बटणं कापून नाड्या लावल्यात.”

“नाड्याही चालत नाहीत. आणि हा मोठा होईल. फार वाळलाय तो.”

“...आई, ऐकलंत?”

“ऐकलं. रडू नकोस इथे. धर कोट, नाड्या दातांनी तोडते.”

त्या शिपायाची पुढे बदली झाली. माझा भाचा वसंतात सुटला. म्हातारी मुलाच्या सुटकेआधीच गेली. छ्याओंची सनद काढून घेतली. आता नवराबायको वाफवलेले पाव विकतात. कुणी कायद्याचं काही विचारलं, की ती उठून दुकानाचं दार लावते आणि ते हळू आवाजात सांगू लागतात.